एका पुडीत दोन कामं

होस्टेलला राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळून चुकते. इथे कुठल्याच वस्तूचं एका कामावर भागत नाही. बादलीत सकाळी आंघोळीचं पाणी, दुपारी भिजवलेले कपडे आणि गॅदरिंग जवळ आलं की तीच बादली उलटी करून ताशा! चादर उन्हाळ्यात पडदा होते आणि थंडीत शाल. ड्रॉईंग बोर्डावर सबमिशन संपेपर्यंत शीट असते, सबमिशन संपलं की पत्ते. इस्त्रीवर पापड भाजणारे महाभाग तर दर मजल्यावर एक तरी असतातच. (रेक्टर सर, हे वाचत असाल तर आमच्या मजल्यावर कुणी नाही, खात्री बाळगा!)

अशा या जगात शाम्पू एक आणि कंडिशनर दुसरा, अशा दोन बाटल्या घेऊन बाथरूमच्या रांगेत उभा राहिलेला मुलगा दिसला, की मागचे चार जण त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला शब्दांत मांडता येणार नाही. आपला सगळा कारभार पुडीवर. दुकानात तोरणासारखी लटकणारी माळ असते, त्यातली एक पुडी टर्रकन फाडून घ्यायची. वर लिहिलेलं असतं 'टू-इन-वन', म्हणजे शाम्पूही आणि कंडिशनरही. झालं काम!

गेल्या एप्रिलमध्ये टाकीला सकाळी दोनच तास पाणी होतं, तेव्हा आमच्या रूममध्ये या पुडीवरून जोरदार वाद झाला. आम्ही चौघं. एकाचे केस एनसीसी कट, एकाचे गिटार वाजवतो म्हणून खांद्यापर्यंत, एकाचे कपाळावरून हळूहळू मागे सरकत चाललेले आणि माझे साधेच. पहिला म्हणाला, टू-इन-वनसारखी गोष्ट नाही. दुसरा म्हणाला, त्याच्याने केसांचा झाडू होतो. तिसरा म्हणाला, माझे केस त्यानेच गेले. रात्री दोन वाजेपर्यंत हेच चाललं होतं आणि दुसऱ्या दिवशी मास ट्रान्सफरची व्हायवा होती. मी केमिकलचा, म्हणून निकाल द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. तो निकाल आज या पानांवर देतोय. उशीर झाला, पण आमच्या जर्नल्सपेक्षा लवकरच म्हणायचा.

आमच्या आईबाबांच्या पिढीला 'टू-इन-वन' म्हटलं की शाम्पू आठवत नाही. त्यांच्यासाठी टू-इन-वन म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकाच खोक्यात. आमच्याही घरी तो होता. बाबा सांगतात, त्यातला टेप बिघडला की रेडिओलाही दुकानात जाऊन बसावं लागायचं, आणि मग आठ दिवस घरात ना गाणी, ना बातम्या. दोन कामं एका खोक्यात घातली की जागा वाचते, पैसे वाचतात, पण एकाचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. शाम्पूच्या बाटलीतही थोडंफार हेच आहे.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, डेरिव्हेशन नाही.

शाम्पूतला धुणारा माल बहुतेक वेळा सोडियम लॉरेथ सल्फेट असतो. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. पाण्याकडच्या टोकावर ऋण भार. कंडिशनरमधला मुख्य माल याच्या बरोबर उलटा, धन भाराचा. केस ओला असताना त्याच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, आणि जिथे केस झिजलाय तिथे तो जास्त असतो. म्हणून कंडिशनर नेमका झिजलेल्या जागी जाऊन बसतो, केसावरची खवल्यांची कौलं मऊ करतो आणि कंगवा अडकत नाही.

म्हणजे एक काढणारा आणि दुसरा लावणारा. एक ऋण, दुसरा धन. दोघांना सरळ एका बाटलीत टाकलं तर काय होईल? दोन जिगरी दोस्तांना एकाच प्रॅक्टिकल बॅचमध्ये टाकल्यावर जे होतं तेच. ते एकमेकांनाच धरून बसतील, प्रॅक्टिकल राहील बाजूला. बाटलीत साका धरेल, केस धड धुतले जाणार नाहीत आणि मऊही होणार नाहीत. म्हणून कितीतरी वर्षं शाम्पू वेगळा आणि कंडिशनर वेगळा, असंच चाललं होतं.

ही गाठ सोडवून बाजारात गाजलेला शाम्पू म्हणजे प्रॉक्टर अँड गॅम्बलचा 'पर्ट प्लस', अमेरिकेत १९८७ साली आलेला. युक्ती अशी, की धन भाराचा कंडिशनर सोडून द्यायचा आणि त्याच्या जागी डायमेथिकोन नावाचं सिलिकोन घ्यायचं. त्याला भार नाही, त्यामुळे शाम्पूशी भांडण नाही. पण ते तेलकट, पाण्यावर तरंगून वर येणार. मग त्याचे बारीक थेंब करायचे आणि ते ग्लायकॉल डायस्टीअरेटच्या बारीक स्फटिकांच्या जाळ्यात लटकत ठेवायचे. टू-इन-वन शाम्पूला जी मोत्यासारखी झाक दिसते ती बऱ्याचदा या स्फटिकांची. आपल्याला वाटतं शोभेसाठी घातलंय, पण ते बिचारं आत खांब धरून उभं असतं!

पुढची युक्ती तर मला फारच आवडली. आजच्या बऱ्याच टू-इन-वन शाम्पूंमध्ये धन भाराचं एक पॉलिमर थोड्या प्रमाणात असतं. बाटलीत शाम्पू घट्ट असतो तोवर ते गुपचूप विरघळून राहतं. डोक्यावर पाणी ओतलं, शाम्पू पातळ झाला, की हे पॉलिमर आणि धुणारा माल मिळून एक मऊ साय तयार होते. ती साय सिलिकोनचे थेंब बरोबर घेऊन केसांवर बसते. म्हणजे फेस असताना धुण्याचं काम, आणि पाणी ओतताना लावण्याचं काम. एकाच बाटलीत दोन शिफ्ट! आणि हे पॉलिमर पुष्कळदा कशापासून बनतं माहीत आहे? गवारीपासून. पुडीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराईड' असं लिहिलेलं सापडेल. व्हायवाला हे नाव एका श्वासात म्हणून दाखवणाऱ्याला दोन मार्क जास्त द्यावेत. जगातली सगळ्यात जास्त गवार आपल्या देशात पिकते, त्यातली बहुतेक राजस्थानात. मेसमध्ये गवारीची भाजी दिसली की आपण ताट परत करतो आणि सकाळी तीच डोक्याला चोळतो.

तर वादाचा निकाल. एनसीसी कटवाल्याचं बरोबर आहे आणि गिटारवाल्याचंही बरोबर आहे. कसं, ते सांगतो.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे एनसीसी कटवाल्याच्या केसाचं टोक जेमतेम दोन महिन्यांचं, बाळसं धरलेलं. त्याने ऊन, कंगवा, खारट पाणी यांतलं फारसं काही पाहिलेलंच नाही. त्याला कंडिशनर नावापुरता पुरतो. गिटारवाल्याच्या केसाची टोकं अडीच-तीन वर्षांची. आणि कमरेपर्यंत वेणी असेल तर तिचं टोक पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं. पाच वर्षांचं न्हाणं, विंचरणं, उन्हात वाळवणं त्या टोकाने सोसलेलं असतं. मुळाशी केस नवा आणि तेलकट, टोकाशी जुना आणि कोरडा. वेगळा कंडिशनर असला की तो फक्त टोकांना लावता येतो. टू-इन-वनमध्ये ही निवड आपल्या हातात नाही. जे मुळाला तेच टोकाला. त्यामुळे लांब केसांच्या टोकांना ते कमी पडतं आणि पातळ, तेलकट केसांना तेच जास्त होतं. मग केस डोक्याला चिकटून बसतात.

तिसऱ्या मित्राचं मात्र चूक आहे. (तो रागावला आहे, पण शास्त्रापुढे मैत्री नाही.) डोक्याबाहेर दिसणारा केस जिवंत नसतो. शाम्पू त्याला 'पोषण' देऊ शकत नाही, जाहिरात काहीही म्हणो, आणि त्याच कारणाने टू-इन-वन त्याला मुळासकट उपटतही नाही. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे कुणाचंही नेहमीचं आहे. गळलेला केस हातात घेऊन बघा. टोकाला पांढरा बारीक कंद असेल तर तो मुळातून आलाय. कंद नसेल तर मधूनच तुटलाय, आणि तुटण्याचा दोष बहुतेक वेळा ओले केस खसाखसा विंचरण्याचा. ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो.

इथवर झालं पुस्तकी. पण पुडीचा खरा हिशोब मला होस्टेलच्या आधी घरी कळला, आणि तो पाण्याचा हिशोब होता.

आमचं घर बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत. पूर्वी इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं सांगतात. आता लोक घरं बदलून येतात. आम्ही २००८ साली लालबागच्या चाळीतली खोली सोडून आलो. मी तेव्हा चार वर्षांचा. बाबांचं काम कल्याणला, आईचं ऑफिस फोर्टला. बदलापूर ते सीएसएमटी म्हणजे लोकलने दीड तासाच्या आसपास, तेही गाडी वेळेवर असेल तर. आई सकाळी साडेसहाला घरातून निघायची आणि रात्री आठला परत.

आमच्या नळाला येणारं पाणी उल्हास नदीचं, बॅरेजवरून उचललेलं. या नदीची गंमत अशी, की मावळातल्या ठोकळवाडी धरणाचं पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात येतं, तिथे वीज करतं आणि मग उल्हास नदीत सोडलं जातं. हे वीजकेंद्र १९२२ सालचं. म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात नदीला जे पाणी दिसतं, त्यातलं बरंचसं आधी वीज देऊन आलेलं असतं. असं टू-इन-वन कुणाला नको? तेच पाणी, दोन कामं, आणि एकाने दुसऱ्याचं काही बिघडत नाही. चांगलं इंजिनीअरिंग कशाला म्हणायचं, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन.

पण नदीत पाणी असलं तरी घरात ते ठरलेल्या तासांतच येतं. बाकी वेळ सोसायटीची बोअर. बोअरचं पाणी काळ्या कातळातून आलेलं, जड. त्यात साबणाला फेस येत नाही, नुसता पांढरा चिकट साका येतो आणि तो केसांत बसतो. शाम्पूला तसा साका येत नाही, हे आमच्या घरात शाम्पू शिरायचं पहिलं कारण.

त्याआधी रविवार म्हणजे न्हाण्याचा वार. शनिवारी रात्री आजी आईच्या आणि ताईच्या डोक्याला कोमट खोबरेल तेल चोळायची. सकाळी शिकेकाई उकळलेला वास सगळ्या घरात. आईची वेणी कमरेच्याही खाली होती. ती धुवायची म्हणजे दोन-अडीच बादल्या पाणी आणि दोन तास, वाळवण्यासकट. एकटीला जमायचंच नाही. आजी मागे बसून तांब्याने पाणी ओतायची आणि आई मान खाली घालून म्हणायची, "अहो आई, बास, पाणी संपेल." त्यावर आजीचं ठरलेलं उत्तर, "संपू दे. आठवड्यातनं एकदा डोकं तरी थंड होऊ दे तुझं."

आजीच्या तेलाला मी पुढे केमिकलला आल्यावर मानायला लागलो. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोन संशोधकांनी २००३ साली एक शोधनिबंध लिहिला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांना लावून केस धुताना प्रथिन किती निघून जातं ते त्यांनी मोजलं. खोबरेल तेलाने ही झीज ठळकपणे कमी झाली, बाकी दोन्हींनी तशी नाही. कारण खोबरेलातलं लॉरिक आम्लाचं तेल रेणूने लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, तेव्हा थोडं मीठ टाकूनच वाचावं. तरी कारण पटण्यासारखं आहे. म्हणजे आजीकडेही दोन कामांसाठी दोन वस्तू होत्या: आधी तेल, मग शिकेकाई. फक्त क्रम उलटा. आपण धुऊन मग लावतो, ती लावून मग धुवायची. आणि गंमत बघा, 'शाम्पू' हा शब्दही मूळचा आपल्याकडच्या चंपीचा. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात ब्रायटनला मालिशीचं स्नानगृह काढलं होतं, तेव्हा 'शाम्पू' म्हणजे चोळणं-चेपणं. धुणं त्याला नंतर चिकटलं.

२०१६ च्या मे महिन्यात ताई दहावीत गेली. तिचे केस आईसारखेच. रविवारी क्लास. सकाळच्या त्या एवढ्याशा वेळात आणि एवढ्याशा पाण्यात दोघींचं न्हाणं बसेना. एका रविवारी आई भाजी आणायला म्हणून गेली आणि येताना केस खांद्यापर्यंत कापून आली. पिशवीत भाजी होतीच. कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "उन्हाळा किती आहे!" आजी दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "मान हलकी वाटत असेल, नाही?" आई म्हणाली, "हो ना." मी बारा वर्षांचा होतो. मला खरंच वाटलं, की उन्हाळ्यामुळेच कापले.

त्यानंतर आमच्या बाथरूममध्ये पुड्यांची माळ आली. आईला एक पुडी पुरायची, एका बादलीत डोकं आणि आंघोळ दोन्ही, दहा मिनिटांत मोकळी. शनिवारचं तेलही बंद झालं, कारण तेल लावलेल्या डोक्याला एका पुडीने फेस येत नाही, दोन लागतात आणि पाणीही दुप्पट. ताईची वेणी मात्र राहिली.

आता माझा मुद्दा. लांब केसांना टू-इन-वन पुरत नाही, आखूड केसांना पुरतं, असा निकाल मी वर दिला. तो शास्त्राने बरोबर आहे. पण आमच्या घरी पुडी आईच्या केसांना जुळली नव्हती, आईने केस पुडीला जुळवून घेतले होते. एखादी सोयीची वस्तू किती चांगली आहे हे बघताना आपण किंमत बघतो, मिलिलिटर बघतो, घटक बघतो. तिच्यात बसण्यासाठी कुणी काय कापून टाकलं, हे पुडीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांतही लिहिलेलं नसतं.

म्हणून पुडीला शिव्या द्यायच्या का? नाही. शाम्पू पुडीत विकायची कल्पना आपल्याकडे रुजवली ती तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली १५,००० रुपयांवर वेगळा धंदा काढला आणि चिक शाम्पूची पुडी गावोगाव नेली. बाटलीचे पैसे एकदम काढता येत नाहीत अशा घरांत शाम्पू शिरला तो पुडीमुळे. आमच्या मेसच्या मावशी सांगतात, त्यांच्या लहानपणी डोक्यालाही कपड्याचाच साबण. त्यांच्यापुढे 'पुडी वाईट' असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. शिवाय बऱ्याचदा मिलिलिटरच्या हिशोबाने पुडी बाटलीपेक्षा स्वस्तच पडते. दुकानात उभं राहून भागाकार करून बघा, एम-थ्री पास झालेल्यांना जमेल.

पण पुडी फाडल्यावर ती कुठे जाते हेही बघू या. शाम्पूची पुडी म्हणजे वेगवेगळ्या प्लास्टिकचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले, काहींत धातूचाही मुलामा. एक थर छपाईसाठी, एक ओल अडवायला, एक सील व्हायला. थर वेगळे करता येत नाहीत म्हणून भंगारवालाही घेत नाही. इथेही तीच गोष्ट: एकत्र करणं सोपं, सोडवणं कठीण. महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीचा आदेश २०१८ साली काढला, तेव्हा पिशव्या गेल्या (म्हणजे कागदावर तरी), पुड्यांची माळ मात्र दुकानात तशीच लटकते आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, बदलापुरातही उल्हास नदी घराघरांत शिरली. गटारं तुंबण्यात प्लास्टिकचा हात किती, यावर तेव्हा खूप बोललं गेलं. २०१९ च्या जुलैमध्ये वांगणी आणि बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढले. ते दोन पूर पुडीमुळे आले असं मी म्हणत नाही. पण ज्या नदीचं पाणी वाचवायला आपण पुडी वापरतो, तिच्याच काठावर ती पुडी पावसाळ्यात येऊन पडते, एवढं मी माझ्या डोळ्यांनी दरवर्षी बघतो.

तर होस्टेलच्या जनतेसाठी थोडक्यात सांगतो.

केस आखूड, पाणी कमी, सकाळचं लेक्चर साडेआठला: टू-इन-वन डोळे मिटून वापरा. एकदा धुऊन एकदाच पाणी घ्यायचं असल्याने पाणी नक्की वाचतं. पण शेवटचं पाणी कंजुषीने घेऊ नका. आत लावायचं काम पाणी ओतल्यावरच सुरू होतं, आणि फेस डोक्यात राहिला तर खाज सुटते ती वेगळी.

केस खांद्याच्या खाली असतील तर शाम्पू फक्त डोक्याला आणि कंडिशनर फक्त टोकांना. ते जमत नसेल तर आदल्या रात्री टोकांना थोडं खोबरेल, आजीच्या पद्धतीने.

केस चिकटून बसत असतील तर मधून मधून साध्या शाम्पूने धुवा.

आणि चौघांच्या रूमने मिळून एक मोठी बाटली घ्या. कोण किती वापरतो यावर भांडणं होतील, पण पुड्या कमी होतील. नाहीतरी आपण भांडतोच.

आईचं काय झालं, तेवढं सांगून थांबतो. मे-जूनमध्ये एका कंपनीत ट्रेनिंग केलं, थोडा स्टायपेंड मिळाला. त्यातून आईसाठी शाम्पूची एक आणि कंडिशनरची एक, अशा दोन वेगळ्या बाटल्या घेतल्या. ताई आता नोकरीला पुण्यात, मी होस्टेलला, आजी चार वर्षांपूर्वी गेली. घरात दोघंच. म्हटलं, आता पाणी पुरेल. आईने बाटली उलटी करून मागचं सगळं वाचलं आणि विचारलं, "याला पाणी किती लागतं रे?" मी म्हटलं, एक बादली जास्त. तर म्हणाली, "पाऊस लागला की बघू," आणि दोन्ही बाटल्या कपाटात ठेवून दिल्या.

मी तिला हिशोब करून दाखवला होता. खांद्यापासून कमरेपर्यंत साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर. महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर धरले तर तीन ते पावणेचार वर्षं. म्हणजे बरोबर इंजिनीअरिंगची एक डिग्री, केटी लागली नाही तर! ती हसली. म्हणाली, "या वयात वेणी घालून लोकलमध्ये चढू का मी?"

दिवाळीत घरी गेलो. नरकचतुर्दशीला पहाटे उठून बाथरूममध्ये गेलो तर फळीवर दोन्ही बाटल्या. कंडिशनरची चांगली अर्ध्यावर आलेली. आईकडे नीट पाहिलं. केस खांद्याच्या खाली तीन बोटं आले होते.

मी काही बोललो नाही. तिनेच माझ्या डोक्यावर तेल थापता थापता सांगितलं, "पार्लरवाली गावाला गेलीये, म्हणून राहिलेत."